पहाटेचा पहिला सेल्फ

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग जे काम करतो, ते इथे दाबलेली हवा करते. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते बाविसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सुटला की तो आपोआप पेट घेतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे तोंड गरम लागते, त्यामागे हेच तत्त्व आहे. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे चालवून दाखवलेल्या इंजिनापासून आजच्या पिकअपपर्यंत त्यात बदल झालेला नाही.

त्यामुळे थंडीत उशिरा सुरू होणारी डिझेल गाडी ही मुळात उष्णता कमी पडल्याची तक्रार असते. हवा दाबली की तिचे निरपेक्ष तापमान काही पटींनी वाढते. म्हणून सुरुवातीला असलेली तूटही तितक्याच पटींनी वाढते. ३० अंश सेल्सिअसच्या हवेऐवजी १० अंशांची हवा आत गेली, तर दाबाच्या शेवटी ती सुमारे ४५ ते ५० अंशांनी कमी तापलेली असते. त्यात रात्रभर गार पडलेले लोखंड आणि ॲल्युमिनियम उष्णता शोषून घेते. इंजिन सावकाश फिरत असेल तर उष्णता निसटायला आणि रिंगांच्या फटींतून हवा गळायला जास्त वेळ मिळतो. या तिन्ही तुटी एकमेकींत भर घालतात, आणि दुपारी एका झटक्यात सुरू होणारी गाडी पहाटे दहा-दहा सेकंद सेल्फ खाते.

सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेल्या चोपडा तालुक्यात उन्हाळ्यात पारा ४४ अंशांच्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे तो १० अंशांच्या खाली येतो. स्वेटर-मफलर काढायला लावणारी ही थंडी डिझेल इंजिनाच्या मानाने कडाक्याची म्हणता येत नाही. लडाखमध्ये याच प्रकारची इंजिने शून्याच्या बऱ्याच खाली सुरू करावी लागतात. सुस्थितीतले इंजिन १० अंशांना दोन-तीन सेकंदांत सुरू व्हायलाच हवे. खान्देशातल्या पहाटे एखादी गाडी त्याहून जास्त वेळ घेत असेल तर तिच्यात काहीतरी आधीच बिघडलेले आहे, असेच धरून चालावे. ‘थंडीचे दिवस आहेत, चालायचेच’ ही समजूत महागात पडते. कारण तोच बिघाड थंडी संपल्यावर लपतो आणि पुढच्या हिवाळ्यात वाढून समोर येतो.

निदानातली खरी अडचण वेळेची आहे. खान्देशात हिवाळ्यातही दुपार २८-३० अंशांची असते. अडावद किंवा धानोऱ्याच्या मळ्यावर केळी भरायला पहाटे निघणारी पिकअप सात वाजता कुरकुरत सुरू होते, आणि अकराला गॅरेजवर पोचते तेव्हा तिचे इंजिन तापलेले असते. मेकॅनिक किल्ली फिरवतो, गाडी लगेच सुरू होते आणि तक्रार खोटी ठरते. मग अंदाजाने एखादा फिल्टर नाहीतर बॅटरी बदलली जाते. हे टाळण्याचा मार्ग एकच: गाडी रात्री गॅरेजवरच मुक्कामी ठेवावी आणि पहिला सेल्फ मेकॅनिकनेच, सगळी तयारी करून, पहाटे मारावा. इंजिन एकदा सुरू झाले की त्या दिवसाची संधी संपली. पूर्ण गार व्हायला त्याला रात्रभर तरी लागतेच. म्हणून एका पहाटे एकच गोष्ट बदलून पाहावी. एकाच दिवशी बॅटरी नवी, फिल्टर नवा आणि हीटर प्लगही नवे टाकले तर गाडी सुरू होईल, पण दोष कशात होता ते कधीच कळणार नाही, आणि पैसे तिन्हींचे जातील.

पहिल्या सेल्फला कान द्यावा. इंजिन जड, रेंगाळत फिरते आहे, की नेहमीच्या वेगाने फिरूनही पेट घेत नाही, यावर पुढचा सगळा शोध अवलंबून असतो. डिझेल इंजिन पेट घेण्यासाठी मिनिटाला साधारण १०० ते १५० फेरे तरी फिरावे लागते, आणि चांगल्या स्थितीत ते २०० च्या आसपास किंवा त्याहून वेगाने फिरते. फेरे कमी पडले तर पंप आणि नोझल कितीही चांगले असोत, हवा पुरेशी तापत नाही.

सेल्फ जड असेल तर सुरुवात बॅटरीपासून होते, आणि इथे खान्देशाच्या हवामानाचा एक महत्त्वाचा मुद्दा येतो. बॅटरी थंडीत निकामी झालेली दिसते, पण तिचे आयुष्य खाल्लेले असते उन्हाळ्याने. बॉनेटखालच्या उष्णतेत तिच्यातले पाणी उडते आणि शिशाच्या प्लेटांची झीज वेगाने होते. मे महिन्यात पातळ झालेले ऑइल आणि गरम इंजिन फिरवायला अशी अर्धी बॅटरीही पुरते. डिसेंबरात ऑइल घट्ट होते, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि उन्हाळ्यातले नुकसान त्या दिवशी पहिल्यांदा जाणवते. पहाटे, दिवे किंवा किल्ली चालू करण्याआधी, बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर मीटर लावावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे जवळपास निम्मा. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना होते: त्या वेळी व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. रात्री १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ८ वर कोसळत असेल तर ती बदलण्यावाचून इलाज नाही. पाणी भरण्याच्या प्रकारची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक खान्याची ग्रॅव्हिटी पाहावी. बाकीचे खाने १.२६ च्या आसपास आणि एकच १.१५ वर असेल, तर तो खाना मेला आहे.

बॅटरी ठीक असूनही सेल्फ जड असेल तर वायरींकडे वळावे. या टप्प्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि खर्च मात्र सर्वांत कमी इथेच लागतो. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी थेट इंजिनच्या स्वच्छ धातूवर धरून सेल्फ मारावा. आकडा ०.३ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग चांगले आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थ वायर सैल आहे किंवा गंजली आहे. पॉझिटिव्ह बाजूलाही हीच तपासणी बॅटरी आणि सेल्फ यांच्यामध्ये करावी. मातीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या आणि शेतात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत चेसिसवरचा अर्थचा बोल्ट मातीने आणि गंजाने भरलेला असणे अगदी सामान्य आहे. हे सगळे निर्दोष निघाले, तरच सेल्फ उतरवून त्याचे कार्बन ब्रश आणि बुश पाहावेत. ऑइलचाही विचार इथेच करावा. कंपनीने १५डब्ल्यू-४० सांगितलेल्या इंजिनात ‘जाड ऑइल चांगले’ म्हणून २०डब्ल्यू-५० भरले असेल, किंवा काजळीने घट्ट झालेले ऑइल मुदत उलटूनही तसेच असेल, तर गार इंजिन नक्कीच जड फिरते.

सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही, अशा वेळी एका माणसाने सायलेन्सरकडे पाहत उभे राहावे. सेल्फ फिरत असताना डिझेलच्या उग्र वासाचा पांढरा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचते आहे, पण पेटत नाही. काहीच धूर येत नसेल, तर डिझेलच पोचत नाही. हा एक फरक अर्धे निदान करून देतो, आणि त्याला कोणतेही यंत्र लागत नाही.

पांढऱ्या धुराचा पहिला संशयित म्हणजे हीटर प्लग, ज्याला ग्लो प्लगही म्हणतात. जुन्या पद्धतीच्या इंजिनांत डिझेल आधी एका लहान पूर्वकक्षात सोडले जाते. त्या कक्षाच्या भिंती दाबलेल्या हवेची बरीच उष्णता ओढून घेतात, म्हणून अशा इंजिनांचे कॉम्प्रेशनचे गुणोत्तर वीसच्या वर असूनही त्यांना हीटर प्लगशिवाय सकाळी सुरू होणे कठीण जाते. पिस्टनच्या डोक्यावर थेट फवारा सोडणाऱ्या मोठ्या इंजिनांत उष्णता कमी वाया जाते. त्यामुळे बऱ्याच ट्रकांना, बसना आणि ट्रॅक्टरांना हीटर प्लग नसतातच. काहींत त्याऐवजी आत जाणारी हवा तापवणारा हीटर असतो. आपल्या इंजिनात नेमके काय आहे हे आधी माहीत करून घ्यावे. नसलेला प्लग शोधण्यात सकाळ घालवण्यात अर्थ नाही.

डॅशबोर्डवरचा वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा लागून विझला म्हणजे प्लग तापले, असे अनेक चालक मानतात. पुष्कळ गाड्यांत तो दिवा फक्त ठरावीक वेळ मोजतो. चारही प्लग जळालेले असले तरी तो तसाच लागतो आणि तसाच विझतो. म्हणून तपासणी प्लगवरच करावी लागते. प्लगांना जोडणारी पट्टी काढावी, टेस्ट लॅम्पची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि टोक एकेका प्लगच्या डोक्याला लावावे. लॅम्प लागला तर प्लगमधली तार शाबूत, न लागल्यास प्लग तुटलेला. ओहममीटर असेल तर चांगला प्लग साधारण अर्धा ते दीड ओहम दाखवतो. प्लग चांगले निघाले तर पट्टी परत बसवून किल्ली चालू करावी आणि पट्टीवर वीज येते की नाही ते पाहावे. येत नसेल तर रिले, फ्यूज किंवा टायमर दोषी. एक धोका लक्षात ठेवावा: अलीकडच्या काही इंजिनांतले प्लग १२ व्होल्टचे नसून ५ किंवा ७ व्होल्टचे असतात. ते बाहेर काढून थेट बॅटरीला लावले की क्षणात जळतात. प्लग काढायचेच असतील तर इंजिन कोमट असताना, हळूहळू फिरवत काढावेत. गार इंजिनात जोर लावला तर प्लग हेडमध्येच तुटतो आणि हेड उतरवण्याची वेळ येते.

चार सिलिंडरच्या इंजिनात एक प्लग गेला तर १० अंशांना गाडी बहुधा सुरू होते, पण मिनिटभर थरथरते आणि पांढरा धूर सोडते. दोन-तीन गेले की उशीर ठळक होतो. त्यामुळे सुरू झाल्यावरची थरथरही नोंदवून ठेवण्यासारखी खूण आहे. प्लग न उघडताही एक चाचणी करता येते. एका पहाटे किल्ली चालू करून दिवा विझू द्यावा, किल्ली बंद करून पुन्हा तेच करावे, आणि मग सेल्फ मारावा. गाडी आदल्या दिवसापेक्षा चटकन सुरू झाली तर उष्णता कमी पडत होती. टाकीत विजेवर चालणारा डिझेल पंप असलेल्या गाड्यांत मात्र ही चाचणी फसवी ठरू शकते, कारण दोनदा किल्ली चालू केल्याने डिझेलचा दाबही वाढतो.

संगणकावर चालणाऱ्या इंजिनांत याच धाग्यात आणखी एक कडी आहे. प्लग किती वेळ तापवायचे हे संगणक पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरवरून ठरवतो. सेन्सर गार इंजिनालाही ७०-८० अंश सांगत असेल, तर प्लग जेमतेम तापतात किंवा तापतच नाहीत. पहाटे स्कॅनर लावून पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान शेजारी शेजारी पाहावे. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे बाहेरच्या हवेच्या जवळपास सारखे हवेत. दुपारी स्कॅनर लावला तर हा दोष दिसणारच नाही.

धूर नसेल तर शोध टाकीपासून सुरू होतो, आणि गॅरेजच्या भाषेत ‘गाडी एअर घेते’ हा सर्वांत नेहमीचा निष्कर्ष असतो. पाइपात कुठेतरी केसाएवढी फट असते: चिरलेला रबरी पाइप, सैल क्लिप, फिल्टरचे कडक झालेले वॉशर, बँजो बोल्टखालचे तांब्याचे झिजलेले वॉशर. इंजिन चालू असताना टाकीकडून येणाऱ्या पाइपात ओढ असते, त्यामुळे अशा फटीतून डिझेल बाहेर गळत नाही, हवा मात्र आत येते. गाडी उभी राहिली की रात्रभर डिझेल हळूहळू टाकीकडे उतरते, आणि पहाटे पंपाला आधी ती सगळी हवा ढकलावी लागते. गळती दिसत नाही म्हणून फट नाही, असे मानणाऱ्यांची इथे फसगत होते. पंपाकडे जाणाऱ्या पाइपात पारदर्शक प्लास्टिक नळीचा वीतभर तुकडा जोडला की पहाटे त्यात बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. तो तुकडा काम संपल्यावर काढून टाकावा. कायम ठेवला तर उष्णतेने कडक होऊन नवी फट तयार करतो.

हवा कुठून येते हे ठरवायला दोन सोप्या रात्री पुरतात. एका पहाटे सेल्फ मारण्याआधी फिल्टरवरचा हातपंप कडक लागेपर्यंत मारावा. गाडी लगेच सुरू झाली तर डिझेल मागे उतरत होते, हे पक्के. दुसऱ्या रात्री गाडी उतारावर, इंजिन टाकीपेक्षा खाली राहील अशी उभी करावी. त्या पहाटे तक्रार नाहीशी झाली आणि चढाला उभी केल्यावर वाढली, तर निष्कर्ष तोच. हे कळूनही फट सापडत नसेल तर हातपंपाच्या आतला एकदिशा व्हॉल्व्ह तपासावा.

कॉमन रेल इंजिनांची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९९७ मध्ये युरोपात मोटारींत आलेली ही पद्धत आता भारतातल्या बहुतेक नव्या डिझेल गाड्यांत आहे. तिच्यात सामाईक नळीतला दाब एका किमान पातळीवर, बहुतेक गाड्यांत २०० बारच्या आसपास, पोचल्याशिवाय संगणक इंजेक्टर उघडतच नाही. इंजेक्टर झिजले की आत गेलेले डिझेल परतीच्या नळीतून टाकीकडे वाहून जाते, आणि सेल्फच्या कमी फेऱ्यांवर पंप तेवढा दाब उभा करू शकत नाही. स्कॅनरवर सेल्फ फिरत असतानाचा रेलचा दाब पाहावा. तो रेंगाळत वाढत असेल तर परतीच्या नळ्या सोडून प्रत्येक इंजेक्टरखाली सारख्या मापाची बाटली लावावी. ज्याची बाटली इतरांच्या कितीतरी आधी भरते, तो इंजेक्टर झिजलेला. ही चाचणी केल्याशिवाय चारही इंजेक्टर बदलायला सांगणाऱ्या गॅरेजला ‘आधी बाटल्या लावा’ असे म्हणण्याचा मालकाला पूर्ण हक्क आहे. रेलकडच्या उच्च दाबाच्या नळ्या मात्र इंजिन फिरत असताना कधीही सैल करू नयेत. तो फवारा कातडी भेदून आत जातो.

डिझेल गोठते का, हा प्रश्न थंडीत हमखास विचारला जातो. डिझेलमधले मेण थंडीत स्फटिक होऊन फिल्टर बंद करते, हे खरे. भारतीय मानक आयएस १४६० नुसार फिल्टर तुंबण्याचे तापमान हिवाळी डिझेलसाठी ६ अंशांपेक्षा जास्त नसावे, उन्हाळी डिझेलसाठी मात्र ते १८ अंशांपर्यंत चालते. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे वेगळे डिझेल आणले, यावरून तिथली गरज किती वेगळी आहे ते कळते. चोपड्यात पंपावर हिवाळ्यात भरलेल्या डिझेलमध्ये ही अडचण क्वचितच येईल. मात्र उन्हाळ्यात ड्रममध्ये भरून शेतावर ठेवलेले डिझेल जानेवारीत ट्रॅक्टरला घातले तर ती शक्यता धरावी लागते. ड्रमातल्या डिझेलचा त्याहून मोठा दोष म्हणजे पाणी. दिवसरात्रीच्या तापमानातल्या फरकाने अर्ध्या रिकाम्या ड्रमात दव धरते आणि तळाशी साचते. फिल्टरखालचा नळ उघडून काचेच्या भांड्यात थोडे डिझेल काढले की तळाला पाणी वेगळे दिसते.

बॅटरी, प्लग, डिझेल सगळे निर्दोष निघाले, तरच कॉम्प्रेशनकडे वळावे. ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर चालू इंजिनातून धुराचे लोट येत असतील, ऑइल खर्च होत असेल, तर रिंग-लायनर झिजल्याचा संशय घेता येतो. गेज लावल्यावर सुस्थितीतले इंजिन साधारण २४ ते ३२ बार दाखवते. २० च्या खालचा सिलिंडर सकाळी पेट घेणार नाही. एकाच सिलिंडरचा आकडा कमी असेल तर आधी टॅपेट पाहावेत, कारण घट्ट झालेल्या टॅपेटमुळे व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि हा दोष तासाभरात दुरुस्त होतो. पेट्रोल इंजिनासारखे सिलिंडरमध्ये ऑइल ओतून पुन्हा माप घेण्याची पद्धत इथे फसवते: डिझेलच्या इवल्याशा कक्षात ते ऑइलच जागा व्यापते आणि आकडा खोटाच वाढतो. डिझेल पंपाचे टायमिंग मागे पडल्यानेही पांढरा धूर येतो, विशेषतः पंप नुकताच उतरवून बसवला असेल तेव्हा.

निदान होईपर्यंत गाडी चालवायची तर काही जुने उपाय ठामपणे टाळावेत. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये किमान अर्धा मिनिट जाऊ द्यावा, नाहीतर सेल्फच जळतो. टाकीखाली किंवा चेंबरखाली चिंध्या पेटवून गाडी तापवण्यात पाइप आणि वायरी जळतात, आणि कधी गाडीही. डिझेलमध्ये रॉकेल किंवा पेट्रोल मिसळल्याने पंपाचे वंगण कमी होते. हीटर प्लग असलेल्या इंजिनाच्या हवेच्या तोंडाशी ईथरचा स्प्रे मारला, किंवा पेट्रोलचे फडके धरले, तर तापलेल्या प्लगवर ते वेळेआधी स्फोटासारखे पेटते. त्यात पिस्टन फुटतात आणि माणूसही भाजतो. आणि टायमिंग बेल्ट असलेली गाडी धक्का मारून सुरू करू नये. गिअरमध्ये बसलेल्या त्या एका झटक्याने जुना बेल्ट दात सोडतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.